हळू चेंडू म्हणजे दुबळा चेंडू नव्हे

‘सॉफ्टबॉलमध्ये आहे काय? खालून टाकलेला चेंडू, तोही हळू. ज्याच्या हातात वेग नाही त्यानं असले प्रकार करावेत.’ बिदरलगतच्या कोळारपासून भालकी, औराद, बसवकल्याणपर्यंत आणि तिकडे आळंद तालुक्यात कुठल्याही मैदानावर थोडा वेळ थांबलं की या अर्थाचं काहीतरी कानावर पडतंच. बोलणारे सहसा क्रिकेटवाले असतात, काही वेळा शाळेतले क्रीडा शिक्षकही असतात. त्यांचा हेतू वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण हे मत चुकीचं आहे आणि त्यामुळे मुलींचं नुकसान होतं. चेंज-अप, म्हणजे वेगवान चेंडूसारखाच हात फिरवून टाकलेला हळू चेंडू, शिकणाऱ्या मुलीला ‘नीट जोरात टाक की’ असं ओरडून सांगणारा माणूस तिच्याकडून तिचं सर्वांत मोठं हत्यार काढून घेत असतो. म्हणून या मताचा सविस्तर प्रतिवाद करणं मला गरजेचं वाटतं.

आधी वेगाचाच हिशोब करू, कारण आक्षेप तिथूनच सुरू होतो. महिला सॉफ्टबॉलमध्ये पिचरची पट्टी आणि होम प्लेट यांत ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर अंतर असतं. बेसबॉलमध्ये हेच अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. दोन्ही खेळांत पिचर पाऊल पुढे टाकून चेंडू सोडतो, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर आणखी दीड-दोन मीटरनं कमी होतं. आता ताशी १०० किलोमीटर वेगानं आलेला सॉफ्टबॉल आणि ताशी १५० किलोमीटर वेगानं आलेला बेसबॉल यांची तुलना करा. दोघांनाही बॅटरपर्यंत पोचायला साधारण ०.४ सेकंद लागतात. पडद्यावरचा आकडा पाहून ‘फक्त शंभर’ म्हणणारा माणूस अंतर विसरलेला असतो. पहिल्या दर्जाच्या पिचर शंभराच्या पुढे सर्रास जातात. अमेरिकेच्या मोनिका अ‍ॅबटनं २०१२ मध्ये ताशी ७७ मैल, म्हणजे जवळजवळ १२४ किलोमीटर वेग नोंदवला आहे.

खालून टाकलेला चेंडू सोपा असता तर बेसबॉलच्या मोठ्या फलंदाजांनी तो सहज मारला असता. १९६१ मध्ये कनेटिकटमधल्या वॉटरबरी इथे टेड विल्यम्ससारखा फलंदाज सॉफ्टबॉल पिचर जोन जॉइसपुढे चाचपडत राहिला. २००४ मध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात सॉफ्टबॉलचीच पिचर जेनी फिंचनं अल्बर्ट पुजोल्सला स्ट्राइक-आउट केलं. पुजोल्स त्या काळातला जगातला एक सर्वोत्तम बॅटर होता. त्याची नजर कमजोर नव्हती की हात मंद नव्हते. वरून येणारा हात वाचण्याची त्याची वर्षानुवर्षांची सवय खालून फिरून येणाऱ्या हातापुढे निकामी झाली, एवढंच. बॅटर चेंडू नुसता डोळ्यांनी बघून मारत नाही, पिचरच्या शरीरावरून तो आधीच अंदाज बांधत असतो. वेगबदलाची सगळी विद्या याच एका गोष्टीवर उभी आहे.

ती कशी, हे थोडं खोलात जाऊन पाहायला हवं. ‘शेवटपर्यंत चेंडूवर नजर ठेव’ हे प्रत्येक प्रशिक्षक सांगतो, पण शेवटपर्यंत नजर ठेवणं डोळ्याला शक्यच नसतं. चेंडू जवळ आला की तो इतक्या झपाट्यानं दृष्टीसमोरून सरकतो की बुबुळ मागे पडतं. २००० साली मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिओड यांनी क्रिकेटच्या फलंदाजांच्या डोळ्यांची हालचाल मोजली. फलंदाज चेंडू सुटताना पाहतो आणि मग चेंडूला मागे टाकून नजर थेट टप्पा पडण्याच्या जागेवर उडी मारते, असं त्यांना आढळलं. फलंदाज जितका चांगला, तितकी ती उडी लवकर. याचा अर्थ चांगला फलंदाजही चेंडूऐवजी चेंडूबद्दलच्या आपल्या अंदाजालाच मारत असतो. २००२ मध्ये रॉब ग्रे यांनी कृत्रिम पडद्यावर बेसबॉलपटूंची फलंदाजी तपासली. चेंडूंचा वेग कुठलाही क्रम न ठेवता बदलत गेला तेव्हा त्यांचे फटके जवळजवळ सगळे हुकले. आधीच्या चेंडूंवरून पुढच्याचा काही अंदाज येऊ लागला तेव्हा ते सुधारले. कसलेल्या खेळाडूंची ही अवस्था होते.

हे सगळं सॉफ्टबॉलच्या मैदानात आणून बघू. बॅट फिरवायला साधारण ०.१५ ते ०.२ सेकंद लागतात. म्हणजे ०.४ सेकंदांतला निम्मा वेळ फटक्यातच जातो आणि निर्णय उरलेल्या निम्म्या वेळात घ्यावा लागतो. बॅटरनं १०० किलोमीटरच्या हिशोबानं बॅट फिरवली आणि चेंडू ८० किलोमीटरनं आला, तर बॅट प्लेटवरून जाते त्या क्षणी चेंडू अजून सव्वादोन मीटर लांब असतो. फक्त एक दशांश सेकंदाचा फरक! शिवाय हळू चेंडू जास्त वेळ हवेत राहतो, त्यामुळे त्याच कोनात सुटला तर तो सुमारे ४५ सेंटीमीटर अधिक खाली येतो. म्हणजे बॅटर वेळेत चुकते आणि उंचीतही चुकते. वेगानं हरवलेली बॅटर उशिरा पोचते. वेगबदलानं हरवलेली बॅटर लवकर पोचते, तोल पुढच्या पायावर जाऊन पडतो आणि मग बॅटला चेंडू लागला तरी त्यात जोर राहत नाही.

आता हात बघू, कारण ‘हळू टाकणं काय, कोणीही टाकेल’ हा आक्षेप हात न पाहिल्यामुळेच घेतला जातो. विंडमिल या खालून टाकण्याच्या पद्धतीत पिचरचा हात खांद्याभोवती पूर्ण वर्तुळ काढून खाली येतो, कोपराखालचा भाग कमरेला घासून जातो आणि त्याच क्षणी मनगट झटकून बोटं चेंडूला शेवटचा धक्का देतात. चेंज-अपमध्ये हे वर्तुळ तेवढ्याच वेगानं फिरलं पाहिजे, पाऊल तेवढंच लांब पडलं पाहिजे, चेहरासुद्धा तोच राहिला पाहिजे. बदल फक्त टोकाला होतो. कोणी चेंडू बोटांऐवजी तळहातात खोल धरते आणि मनगट बांधून ठेवते. कोणी बोटांची पेरं चेंडूवर टेकवते. कोणी शेवटच्या क्षणी पंजा उलटा करून हाताची पाठ बॅटरकडे करते, त्याला फ्लिप म्हणतात. प्रत्येक प्रकारात मनगट आणि बोटांचा तो शेवटचा धक्काच चेंडूला मिळत नाही. खांदा आणि कोपर पूर्ण ताकदीनं काम करत असतात.

इथे नवशिक्या पिचरची फजिती होते. हळू टाकायचं म्हटलं की तिचा सगळा हातच हळू होतो. पाऊल आखूड पडतं, खांदा अवघडतो, चेंडू किंचित वर उडी घेऊन सुटतो आणि समोरची जाणकार बॅटर ते सगळं वाचून वाट बघत उभी राहते. ग्लोव्हमध्ये पकड बदलताना मनगट हललं तरी तिसऱ्या बेसपाशी उभा असलेला प्रशिक्षक ते टिपतो आणि बॅटरला खूण करतो. म्हणून चांगल्या पिचर प्रत्येक चेंडूला आधी एकच पकड घेतात आणि मगच हवी ती. अंगाचा प्रत्येक स्नायू ‘जोरात’ म्हणत असताना चेंडू हळू पाठवायचा, यासाठी शंभराच्या वेगापेक्षा जास्त संयम लागतो. हा चेंडू हाताला विश्रांती देत नाही. हात तेवढाच राबतो आणि वर मनावर ताबा ठेवावा लागतो. याला आळशी चेंडू म्हणणाऱ्यानं तो एकदा स्वतः टाकून बघावा.

‘वेग नसलेल्यांचा प्रकार’ हा आक्षेप तर उघडपणे उलटा आहे. हळू चेंडू फसवतो तो वेगवान चेंडूच्या जोरावर. ज्याची भीती नाही त्याचा हळू चेंडू कोणी फसून मारणार नाही, उभं राहून मारेल. म्हणून जगातल्या सर्वांत वेगवान पिचरच या चेंडूचा सर्वांत चांगला वापर करतात. जपानची युकिको उएनो ही तिच्या काळातली एक सर्वांत वेगवान पिचर. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २० ऑगस्टला ती अमेरिकेविरुद्ध नऊ इनिंग खेळून हरली, त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाविरुद्ध बारा इनिंग खेळून जिंकली आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात पुन्हा अमेरिकेसमोर उभी राहून ३–१ नं सुवर्ण घेऊन गेली. दोन दिवसांत ४१३ चेंडू. आदल्याच दिवशी नऊ इनिंग जिला पाहिलं, तिला अमेरिकेच्या बॅटर दुसऱ्या दिवशीही वाचू शकल्या नाहीत. नुसत्या वेगाची इतक्या चेंडूंनंतर सवय होऊन जाते. तिची त्यांना होऊ शकली नाही.

आपल्याकडची उदाहरणं क्रिकेटमध्ये आहेत, आणि सॉफ्टबॉलला नावं ठेवणारे क्रिकेटचीच भाषा बोलतात म्हणून ती देणं योग्य ठरेल. श्रीरामपूरचा झहीर खान २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पूर्ण जोर लावून धावत आला आणि पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या. २०११ पर्यंत त्याचा वेग उतरला होता. त्याच विश्वचषकात त्यानं २१ बळी घेतले, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीनं सर्वाधिक. बोटांची पेरं टेकवून टाकलेल्या हळू चेंडूवर त्यानं अहमदाबादच्या उपांत्यपूर्व सामन्यात माइक हसीचा त्रिफळा उडवला. हसी म्हणजे एकदिवसीय क्रिकेटमध्ये हिशोबानं खेळणारा फलंदाज. त्याला चकवणारी ती पकड बेसबॉल-सॉफ्टबॉलमधूनच क्रिकेटमध्ये आलेली आहे. झहीरच्या हळू चेंडूला टाळ्या वाजवायच्या आणि तोच चेंडू सॉफ्टबॉलमधल्या मुलीनं टाकला तर ‘चाळे’ म्हणायचं, हे मला न्यायाचं वाटत नाही. तीच गोष्ट जसप्रीत बुमराहची. २८ डिसेंबर २०१८, मेलबर्न, जेवणाच्या सुट्टीआधीचा शेवटचा चेंडू. रोहित शर्मानं सुचवलं आणि बुमराहनं शॉन मार्शला हळू यॉर्कर टाकला. मार्श पायचीत झाला. बुमराहच्या अंगात वेग नव्हता म्हणून त्यानं तसं केलं, असं कोणी म्हणेल का? वेग होता म्हणूनच तो चेंडू चालला.

आणि वेगबदल म्हणजे दर वेळी हळूच चेंडू, असंही नाही. या बाबतीत मला सर्वांत प्रिय उदाहरण ऑगस्ट १९७१ मधलं आहे. ओव्हलवर इंग्लंडचा दुसरा डाव, भागवत चंद्रशेखर गोलंदाजी करत होता. कर्नाटकचा हा लेगस्पिनर, पोलिओमुळे बारीक झालेल्या उजव्या हातानं तो गुगली आणि टॉपस्पिन टाकायचा, आणि मध्येच एखादा खरोखर वेगवान चेंडू. समोर जॉन एड्रिच. चंद्रशेखर गुगली टाकायच्या विचारात होता. तेवढ्यात मडगावचा दिलीप सरदेसाई जवळून ओरडला, ‘मिल रीफ टाक!’ मिल रीफ हा त्या वर्षी इंग्लंडची डर्बी जिंकलेला घोडा, आणि भारतीय खेळाडूंनी चंद्रशेखरच्या वेगवान चेंडूला तेच नाव देऊन टाकलं होतं. चंद्रशेखरनं तो टाकला आणि एड्रिचची बॅट खाली येण्याआधी यष्ट्या उडाल्या. इंग्लंड १०१ धावांत बाद, चंद्रशेखरचे ३८ धावांत ६ बळी, आणि अजित वाडेकरच्या संघाला इंग्लंडमधला भारताचा पहिला कसोटी विजय. तो चेंडू एखाद्या वेगवान गोलंदाजानं टाकला असता तर एड्रिच कदाचित सहज खेळला असता. त्याआधीच्या संथ चेंडूंनी त्याच्या मनात एक वेळ बसवून दिली होती, तीच मोडली. सरदेसाईला हे कळलं होतं. कन्नड मुलखातला गोलंदाज आणि कोकणी-मराठी घरातला फलंदाज यांचं ते काम, सीमाभागातल्या आपल्यासारख्यांनी तर ते अभिमानानं मुलांना सांगायला हवं.

फसवणुकीच्या आक्षेपावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. काही जण म्हणतात, खेळाडूनं सरळ खेळावं, फसवू नये. मग आपल्या तालमीतल्या कुस्तीत काय होतं? पैलवान एका पायाकडे हात नेतो आणि दुसरा पट काढतो. त्याला आपण डाव म्हणतो आणि फड त्यावर शिट्ट्या वाजवतो. सॉफ्टबॉलनं तर कुठली फसवणूक चालेल आणि कुठली नाही हे नियमांतच स्पष्ट केलं आहे. चेंडू टाकण्याआधी पिचरला दोन्ही हात एकत्र आणून थांबावं लागतं. हात एकदा फिरू लागला की मध्येच थांबवता येत नाही, तसं केलं तर तो बेकायदा पिच ठरतो. थांबून फसवणं निषिद्ध, वेग बदलून फसवणं मान्य. नियम बनवणाऱ्यांनी विचार करूनच ही रेषा आखली आहे.

खरा वजनदार आक्षेप एकच आहे आणि तो समंजस प्रशिक्षकांचा आहे. ते म्हणतात, ‘आधी वेग येऊ द्या, अचूकता येऊ द्या, मग चेंज-अप शिकवू. आधीच शिकवलं तर मुलगी तिथेच अडकते, हात हळू होतो.’ यातलं अर्धं मला मान्य आहे. वेगवान चेंडू नसेल तर चेंज-अपला अर्थ नाही, हे वर म्हटलंच. हेही खरं की छातीच्या उंचीवर लटकलेला हळू चेंडू म्हणजे बॅटरला दिलेलं आमंत्रण, तो सीमेपारच जातो. पण ‘मग शिकवू’ मधला ‘मग’ आपल्याकडे येतच नाही. बारा-तेरा वर्षांची मुलगी फक्त जोर शिकते, सतरा वर्षांखालच्या गटात तिच्या जोराची बॅटरना सवय होते, आणि तिला काही कळायच्या आत शाळा संपते. शिवाय हात हळू होण्याचा धोका चेंज-अपमुळे येत नाही, तो चुकीच्या पद्धतीनं शिकवल्यामुळे येतो. ‘हळू टाक’ असं सांगितलं की हात हळू होणारच. ‘हात तेवढाच जोरात फिरव, फक्त पकड बदल’ असं सांगितलं तर होत नाही. पहिल्या वर्षी रोजच्या सरावातले मोजके चेंडू या पकडीनं टाकायला लावावेत. समोर बॅट न घेता दुसऱ्या मुलीला उभं करावं आणि चेंडू सुटायच्या आत तिला ‘फास्ट’ की ‘स्लो’ ते ओळखायला सांगावं. ती बरोबर ओळखत असेल तर पिचरचं काय उघडं पडतंय ते दोघींनाही कळतं. यासाठी महागडं यंत्र लागत नाही आणि ताकदही लागत नाही. उलट लहान चणीच्या, वेगात कमी पडणाऱ्या मुलीला हाच एक मार्ग खेळात टिकवून ठेवतो.

सॉफ्टबॉल हा ‘सर्टिफिकेटचा खेळ’ आहे असंही बोललं जातं. दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि महाराष्ट्रातल्या सरकारी नोकऱ्यांमधलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण यासाठी कमी गर्दीचा खेळ निवडणारे असतात, हे मी नाकारत नाही. पण त्याचा दोष खेळाला कसा देता येईल? औराद-भालकीची मुलं शिकायला उदगीर-लातूरला जातात. तिथे त्यांना हा खेळ गंभीरपणे खेळणारी मुलं भेटतात, आणि सुट्टीत परत आली की इथल्या मैदानावर त्यांना पुन्हा ‘हा काय खेळ’ ऐकावं लागतं. मला हे खुपतं. पौष-माघात तुरीची काढणी झाली की कलबुर्गीपर्यंतची शेतं मोकळी होतात आणि त्यांवर टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. तिथल्या गोलंदाजांना विचारा, शेवटच्या षटकात ते काय टाकतात. स्लोअर वन! हलक्या टेनिस बॉलला हवा लवकर अडवते, त्यामुळे त्यावर वेगबदल आणखी जास्त चालतो, हे त्या पोरांना कुठल्याही पुस्तकाशिवाय कळलेलं आहे. त्याच पोरांच्या बहिणी तेच काम जास्त कठीण हातानं करतात आणि त्यांना मात्र जोर लावायला सांगितलं जातं.

माझी मागणी साधी आहे आणि ती निवड करणाऱ्यांकडे आहे. पिचरच्या निवड चाचण्या मी पाहिल्या आहेत. मुलीला पट्टीवर उभं करतात, समोर फक्त कॅचर असतो, आणि दहा-बारा चेंडू टाकायला लावून किती स्ट्राइक पडले आणि किती जोरात पडले ते लिहून घेतात. बॅटर नसलेल्या अशा चाचणीत चेंज-अप हा नेहमी वाईट चेंडूच दिसणार. तो ज्या अंदाजाला मोडण्यासाठी असतो, तो अंदाज बांधणारं समोर कोणी नसतं. म्हणून जिल्हा आणि विभागाच्या प्रत्येक चाचणीत पिचरसमोर खऱ्या बॅटर उभ्या कराव्यात, प्रत्येकीला किमान दोन बॅटरविरुद्ध पूर्ण पाळी टाकू द्यावी, आणि किती चेंडू बॅटला नीट लागले, किती वेळा बॅट आधी फिरली, किती वेळा तोल पुढे गेला, याची नोंद वेगाच्या आकड्याशेजारी ठेवावी. एवढी नोंद ठेवायला एक वही आणि स्कोअर लिहिणारी एक मुलगी पुरते.